चटईवर ठेवलेला लॅपटॉप

९ मार्च

सेइनी,

आशीर्वाद आहेच. तू मागायला आली नाहीस तरी आहे. आत्याने द्यायचा आणि भाचीने मान खाली घालून घ्यायचा, ही रीत काही मी काढलेली नाही.

तू ऑकलंडला नीट पोचलीस हे मला कुणी सांगितलं असेल? तुझ्या आईने. तेही तिला मी बाजारात नारळ निवडताना गाठली म्हणून. मेलेनाइते मला बघून अशी दचकली, जसं काही तिने नारळ चोरलेत. म्हटलं, "पोरीची खुशाली सांगायला तोंड दुखतं का गं तुझं?" तर म्हणाली, "तसं नाही ताई, तुम्हाला त्रास नको म्हणून." त्रास! साठी उलटली, गुडघे गेले, अजून रोज सकाळी मोगरी घेऊन झाडाची साल कुटते आहे, आणि खुशाली ऐकायचा मला त्रास होणार.

निघालीस त्या दिवशी तुमची गाडी माझ्या दारावरून गेली. मी ओट्यावरच होते. तू मान वळवलीस ती समुद्राकडे. एवढा काय तो समुद्र बघायचा होता? जन्मभर बघतेच आहेस.

फोनवर माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हे पत्र. पत्राला काही बंद करता येत नाही, फार तर फाडशील. फाडण्याआधी वाच.

निरोपाच्या जेवणाला तू जे बोललीस ते मी विसरले नाही. दीडशे माणसं बसलेली, पाद्रीबाबा बसलेले, अजून भट्टीतली डुकरं निघायची होती, आणि तू मला म्हणालीस, "आत्या, अजून काही राहिलंय का? माझ्या अंगावरचे कपडेपण घेऊन टाक." सगळ्यांचे घास हातात राहिले. तुझ्या बापाने मान खाली घातली ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही. आमच्या काळी फाहूसमोर, बापाच्या थोरल्या बहिणीसमोर, असं बोललेल्या पोरीला आठवडाभर कुणी घरात घेतलं नसतं. मी ऐकून घेतलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि माझं चुकलं काय? जे चटईवर आलं ते आत्याचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी गादीवर गादी रचावी तशा देण्याच्या चटया रचल्या होत्या, वर सालीचं कापड, त्याच्यावर केक आणि सगळ्यात वर ते पुडकं. मानकऱ्याने ओरडून सांगितलं, हे सगळं फाहूचं. मी हात ठेवला. आत लॅपटॉप आहे की साबणाच्या वड्या, मला काय ठाऊक? मला मशिनबिशिन कळत नाही.

ते पुडकं वर ठेवलं तुझ्या आईने, हे लक्षात ठेव. तुझ्या बापाने, सेमिसीने, ते तुझ्या मांडीवर द्यायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. पण मेलेनाइतेला मिरवायचं होतं ना, नवऱ्याने ऑस्ट्रेलियातून काय आणलंय ते गावाने बघावं म्हणून! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

असो. तिकडे थंडी सुरू होईल. मावशीकडे राहतेस तर तिला हातभार लाव.

तुझी आत्या,
लुसेआने


२६ मार्च

सेइनी,

उत्तर नाही. मी वाट बघत नव्हतेच.

रविवारी चर्चमधून निघताना तुझी आई भेटली. तू मावशीच्या नवऱ्याचा जुना लॅपटॉप घेऊन फिरतेस म्हणे. विटेएवढा जाड, पाऊण तासात त्याचा जीव जातो, आणि तो खांद्याला लटकवून तू दोन बस बदलतेस. पाठ दुखते म्हणून मावशीने तुला तेल चोळलं. एकोणीस वर्षांची पोर आणि पाठ दुखते! माझी दुखायला पन्नाशी यावी लागली.

आता मी काय सांगते ते ऐक, पुढेमागे नवीन घेणारच असशील तर. हलका घे. दीड किलोच्या वर जाऊच नकोस. दुकानात उचलताना काही वाटत नाही, तिसऱ्या मजल्यावर चढताना वाटतं. मोठ्या पडद्याला भुलू नकोस. चौदा इंच रग्गड झाले. मोठा पडदा कॉलेजात असतो, तो जोडून घेता येतो, आणि मोठा पडदा पाठीवर काही वाहून नेता येत नाही. मेमरी सोळाच्या खाली नको, नाहीतर चित्र काढता काढता मशीन मध्येच फतकल मारून बसतं. बॅटरी दिवसभर टिकणारी हवी. आणि सगळ्यात आधी रंग बघ. तुझं काम रंगाचं. दुकानदार वेगाचं सांगेल, जाडीचं सांगेल, तू म्हण, मला तपकिरी दाखव. तपकिरी रंग तपकिरी दिसला, लाल किंवा मातकट नाही, तर तो पडदा खरा.

हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. माणूस ऐकत असतो.

इथे सगळं तसंच आहे. आम्ही आठ जणी होतो, आता सहा उरलो. एकीला लेकाने तिकडे नेलं, दुसरीचा हात उचलत नाही. सहा जणींनी मोठं कापड करायचं म्हणजे पाठीचा काटा ढिला होतो. रेघा ओढायला तर कुणीच नाही. माझा हात थरथरतो. परवा काजळीची रेघ वाकडी गेली, ती झाकायला मी तिथे फूल काढलं. तिथे फूल नसतं कधी, तुला माहीत आहे. कुणाच्या लक्षात आलं नाही. तू असतीस तर आलं असतं.

पाद्रीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "लुसेआने, तो लॅपटॉप तुझ्याकडे नुसता पडून आहे, चर्चच्या गाण्यांची पुस्तकं करायला दे ना." वाकड्यात शिरायची माझी हिंमत नाही, पाद्रीण ती. मी म्हटलं, "बिघडलाय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं! पेटीत कापडात गुंडाळून ठेवलाय, एकदाही उघडला नाही, तो बिघडेल कसा? पाद्रिणीशी खोटं बोलले. या वयात.

का बोलले, ते मला विचारू नकोस.

लुसेआने


१२ एप्रिल

सेइनी,

तू परत येतेयस! आईने आत्ता सांगितलं. सत्राच्या सुट्टीत यायचं आणि मग जायचंच नाही. बरं झालं. फार बरं झालं. तुझी मोगरी मी काढून तेल लावून ठेवली आहे. राजघराण्यातल्या एका लग्नाचं मोठं कापड आलं आहे, पन्नास हात लांब, कडेची सगळी नक्षी तुझ्याकडे. काही लाज वाटून घेऊ नकोस. शिकून कुणाचं भलं झालंय? आलीस की अळूच्या पानातलं मांस करते, नारळाचं दूध घालून, तुला आवडतं तसं. मागचं सगळं मी विसरले.

आत्या


१५ एप्रिल

सेइनी,

वरचं पत्र तीन दिवस माझ्याकडेच पडून आहे. टाकायला निघाले आणि परत आले, दोनदा. आता ते या पत्राबरोबर येईल. आधी ते वाच आणि मग हे, म्हणजे तुझी आत्या कसल्या मातीची आहे ते कळेल.

त्या दिवशी आनंदात मी मेलेनाइतेला म्हटलं, "पोरीने काय लिहिलंय ते वाचून तर दाखव." तिने फोनवरचं वाचलं. "माझं अर्धं काम त्या जुन्या मशीनमध्ये गेलं, आई. सगळ्यांची चित्रं भराभर होतात, माझं गोल गोल फिरत बसतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, कल्पना चांगली आहे पण काम अपुरं आहे. तीनदा असं झालं." आणि मग ते शेवटचं, "आई, मशीनचं कारण किती दिवस सांगू? माझ्यातच काही नसेल."

सेइनी, तुझ्यात काही नाही?

सात वर्षांची होतीस तेव्हा माझ्या शेजारी उकिडवी बसून पहिली रेघ ओढलीस. सहा हात लांब, एका दमात, श्वास न सोडता. मोठ्या बायका बघत राहिल्या. मला तशी रेघ यायला पंचविशी उलटावी लागली होती. आणि तू म्हणतेस तुझ्यात काही नाही. ते वाक्य माझ्या मानेवर बसलंय. 

मशीनचंच कारण आहे. मशीन माझ्या पेटीत आहे म्हणून कारण आहे.

आता खरं सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं, पुडक्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून लिहिलं. मला ठाऊक होतं. कारण ते मशीन मीच निवडलं.

तुझा बाप आणि मी, लहानपणापासून एका खोलीत बसलो नाही, एकमेकांशी धड बोललो नाही. भाऊ-बहिणीची मर्यादा. तो ऑस्ट्रेलियात आंब्यांच्या पेट्या भरायचा, आणि वर्षभर मेलेनाइतेला निरोप पाठवायचा, "ताईला विचार. रंगाचं ताईला कळतं." मेलेनाइते येऊन वाचून दाखवायची. एक मोठ्या पडद्याचं होतं, जड. एक हलकं. एक स्वस्त, पण दुकानातल्या बाईने सांगितलं की डिझाइनच्या मुलांना ते पुरत नाही. चौदा इंच की सोळा, मेमरी किती, बॅटरी किती, सगळं माझ्या ओट्यावर ठरलं. मी वैतागायचे, "मला का विचारतोय, मी काय लॅपटॉप कुटून रंगवते?" पण मला बरं वाटायचं. तीस वर्षांत भावाने मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं.

मी त्याला आपल्या कापडाचा एक तुकडा पाठवला, कोका झाडाच्या सालीचा तपकिरी रंग चढलेला. म्हटलं, याचा फोटो काढ, दुकानातल्या प्रत्येक पडद्यावर लाव, आणि शेजारी हा तुकडा धर. जिथे दोन्ही सारखे दिसतील ते घे. तो गेला की गं तसाच, कामाच्या बुटांनिशी, तुकडा खिशात घेऊन. दुकानातली बाई हसली म्हणे. मग तीच त्याच्याबरोबर एकेका पडद्यापाशी जाऊन तुकडा धरायला लागली. दहा-बारा मशीनं झाली. कुठे रंग विटेसारखा, कुठे चिखलासारखा. एकाच पडद्यावर कोका कोकासारखा दिसला. उचलून बघितलं तर हलकं. पेट्या उचलून उचलून त्याला हाताने वजन कळतं, तो म्हणाला, सव्वा किलोच्या आसपास. काट्यावर तेवढंच निघालं.

तेच ते मशीन. पुडक्यावर तुझं नाव होतं, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात. मी वाचलं. नाव वाचूनच हात ठेवला.

तुला वाटतं हावरटपणा. गावालाही तेच वाटतं, म्हणू देत. हाव कसली, मला ते उघडतासुद्धा येत नाही. मला वाटलं, मशीन नसेल तर तू जाणार नाहीस. एवढंच वाटलं. चटयांवर तू काहीतरी होशील, माझ्यानंतर त्या बायकांच्या मध्ये बसशील, माझ्या पोटी कुणी नाही तर निदान माझी रेघ पुढे जाईल, असं मी तुझ्या सातव्या वर्षापासून धरून चालले होते. आणि तू एका अर्जावर सही करून निघालीस. तू गेलीसच मशीनशिवाय, तेव्हा वाटलं, येईल परत. आणि आता येतेयस, तर मला मोगरीला तेल लावावंसं वाटलं. मी थकले गं. पण थकले म्हणून असं करायचं नसतं.

परतही देऊ शकत नाही. चटईवरचं परत करणं म्हणजे सेमिसीच्या तोंडावर फेकणं, "तुझं देणं मला पुरलं नाही" म्हणून. त्याला गावात मान वर करायला जागा उरणार नाही. तुझ्या हातात गुपचूप दिलं तरी तेच. एका रात्रीत सगळ्या गावाला कळेल. भावाच्या मुलांकडून आत्याकडे वस्तू येते, आत्याकडून त्यांच्याकडे जात नाही. काय करायचं ते मला सुचत नाही. सुचलं की लिहीन.

तोवर तिकीट काढू नकोस.

आत्या


२१ एप्रिल

सेइनी,

काल शनिवारी मी रीतीप्रमाणे कमरेला मानाची चटई बांधून, चांगले कपडे घालून तुमच्या घरी गेले. वीस पावलांवर घर आणि तीस वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता. वाटेत पाद्रीणबाई भेटल्या, "कुणी गेलं का?" म्हणून विचारलं त्यांनी. माझा अवतारच तसा होता.

मला बघून सेमिसी मागच्या दाराने बाहेर पडला, जाणारच. तो मागच्या पडवीत, मी पुढच्या खोलीत, आणि मध्ये दारात तुझी आई. तिची नुसती धावपळ. म्हटलं, "मेलेनाइते, बस आधी. तुझ्या नवऱ्याला सांग, मी काहीतरी मागायला आलेय."

तिचा चेहरा पडला. आधीच घर रिकामं करून बसलेत. आत जाऊन आली आणि म्हणाली, "ते म्हणतात, डुक्कर एकच उरलंय, पण घेऊन जा."

"डुक्कर नको."

पुन्हा आत गेली. "मग मोठी चटई? त्यांच्या आईची?"

"चटई नको. सांग, मला सेइनी हवीय. मुलगी म्हणून."

मेलेनाइते दारातच खाली बसली. रडायला लागली. तिला वाटलं मी सूड घेतेय. मी तिच्याजवळ जाऊन बसले, खरं तर मला शोभत नाही तिच्याजवळ जमिनीवर बसणं, पण बसले. म्हटलं, "रडू नकोस गं. मी तिला कुठे नेत नाही. तुझी आहे ती तुझीच आहे. मला फक्त तिची आई व्हायचंय, दुसरी. कारण आत्याने दिलं तर परत केलं म्हणतात. आईने लेकीला दिलं तर कुणी काही म्हणत नाही."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तसं तिने पदर नसलेला पदर डोळ्यांना लावला, म्हणजे मनगटाने डोळे पुसले, आणि उठून आत गेली.  मी बसून.  फाहूला नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. पण मला त्याच्याकडून नाइलाजाचं हो नको होतं. पहिल्यांदाच असं वाटलं. आजवर जे मागितलं ते मागितलं, देणाऱ्याच्या तोंडाकडे मी कधी बघितलं नव्हतं.

मग भिंतीपलीकडून सेमिसीचाच आवाज आला. मेलेनाइतेकरवी नाही, सरळ. म्हणाला, "ताई, ने. मला वाटलं होतं, तुला ते मशीन आवडलं नाही."

बघ! तीन महिने तो हे मनात घेऊन फिरतोय. रंग बघून, तुकडा धरून आणलेलं मशीन ताईने घेतलं ते रागाने, निवड चुकली म्हणून, असं त्याला वाटत होतं. तू गेलीस, तू बोललीस, ते सगळं त्याने स्वतःवर ओढून घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "सेमिसी, याहून चांगलं तुला मिळालं नसतं. चुकलं ते माझं."   एवढंच बोलणं झालं आमचं, आणि ते पुष्कळ झालं.

कागद नाही, पाद्री नाही. तीन माणसांसमोर शब्द दिला-घेतला, चहा झाला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कालपासून तू माझी मुलगी आहेस. तुझ्या मनाला विचारलं नाही, ते खरं. आमच्यात विचारत नाहीत. पण तुला नको असेल तर नको म्हण, मी ते धरून ठेवणार नाही. मशीन मात्र घ्यायचं.

आपल्या गावची टोकीलुपे नर्स गुरुवारच्या विमानाने तिकडे येतेय. मशीन तिच्या हातातल्या पिशवीत असेल, सामानात टाकू नकोस असं बजावलंय. आत चार्जर आहे, काल शेजारच्या मुलीकडून मशीन तपासून घेतलं. चालतं. पडदा उघडला तेव्हा मी पहिल्यांदाच तो बघितला. छान आहे गं.

आणि आता ऐक. तू परत यायचं नाहीस. तीन वर्षं पुरी करायची. शिकवणाऱ्या बाईंकडे जा आणि सांग, गेलेलं काम मी पुन्हा करून देते. त्या नाही म्हणाल्या तर पुन्हा जा. लग्नाचं कापड आम्ही सहा जणी करू, वाकडं झालं तर वाकडं. माझ्यासाठी येऊ नकोस. हे मागणं नाही, हुकूम आहे, आणि फाहूचा हा शेवटचा हुकूम. यानंतर मला तुझ्यावर तो हक्क नाही.

एक आणखी. भाचीला आत्यावर रागावता येत नाही. निरोपाच्या दिवशी तू एक वाक्य बोललीस आणि तेवढ्याने सगळा गाव उलटला. लेकीला आईवर रागावता येतं. रोज येतं, तोंडावर येतं, दार आपटून येतं, आणि कुणी काही म्हणत नाही. तुझ्या मनात जानेवारीपासून जे साठलंय ते मला माहीत आहे. माझा नंबर उघड आणि बोल. मी मध्ये बोलणार नाही.

लुसेआने